मुका सहप्रवासी : उत्साही श्वान आणि मोटारीचा प्रवास

महाभारताच्या अखेरीस महाप्रस्थानाची कथा येते. द्रौपदी आणि चारही बंधू वाटेत गळून पडतात आणि युधिष्ठिराबरोबर शेवटपर्यंत चालत राहतो तो एक कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो, परंतु कुत्र्याला रथात स्थान नाही असे तो सांगतो. जो निष्ठेने सोबत आला त्याला टाकून आपण रथावर चढणार नाही, असे उत्तर धर्मराज देतो. तो श्वान म्हणजे साक्षात धर्मच होता, हे पुढे उघड होते. वाहन आणि कुत्रा यांचा प्रश्न आपल्या वाङ्मयात इतका जुना आहे. त्या कथेतील प्रश्न कुत्र्याला रथात घ्यावे की न घ्यावे, एवढाच होता. आज आपल्यापुढे दुसरा प्रश्न उभा आहे. कुत्र्याला मोटारीत घ्यायचे ठरले, तर ते कशा रीतीने घ्यावे?

हा प्रश्न किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु हुबळीतील केशवापूर भागात गदग रस्त्यावर सायंकाळी क्षणभर उभे राहून पाहावे. मोटारीच्या खिडकीतून अर्धे अंग बाहेर काढून वारा पिणारे कुत्रे, दुचाकीच्या पुढच्या भागात पाय टेकवून उभे असलेले पिल्लू, छोट्या टेम्पोच्या उघड्या हौद्यात साखळीने बांधलेला राखणीचा कुत्रा, अशी दृश्ये सहज आढळतात. दक्षिण-पश्चिम रेल्वेचे मुख्यालय ह्याच रस्त्यावर असल्याने ह्या परिसरात नोकरीनिमित्त आलेली मराठी, कन्नड, तेलुगू, हिंदी भाषिक कुटुंबे राहतात. सुट्टी लागली की बेळगाव, निपाणी, कोल्हापूरकडे किंवा घाट उतरून गोवा-कारवारकडे मोटारी निघतात. घरच्या कुत्र्याला मागे कोणाच्या भरवशावर ठेवावे, ह्या विवंचनेतून त्यालाही बरोबर घेतले जाते. हेतू प्रेमाचा असतो. तथापि, केवळ प्रेम पुरेसे नाही. त्यास ज्ञानाची जोड हवी. तेवढ्यासाठीच हा लेख आहे.

बैलगाडी आणि मोटार

बैलगाडीच्या सावलीत चालणाऱ्या कुत्र्याला आपणच गाडी ओढीत आहोत असे वाटते, ही गोष्ट खेड्यापाड्यांत सर्वांना ठाऊक आहे. गोष्ट गर्विष्ठ माणसाला उद्देशून सांगितली जाते. पण तीमध्ये एक व्यावहारिक सत्य दडलेले आहे. बैलगाडीबरोबर चालणारा कुत्रा आपल्या पायांचा धनी असे. दमला तर तो बसे, तहान लागली तर ओढ्याकडे वळे, ऊन झाले तर गाडीखाली शिरे. मेंढरांच्या कळपाबरोबर मुलूख तुडविणाऱ्या धनगराच्या कुत्र्याचेही तसेच.

मोटारीत बसल्याबरोबर हे सारे स्वातंत्र्य संपते. वेग किती असावा, कोठे थांबावे, काच किती उघडावी, पाणी केव्हा मिळावे, ह्यांपैकी एकही गोष्ट त्याच्या हाती राहत नाही. जे त्याच्या हातून गेले ते चालकाच्या हाती आले. म्हणून कुत्र्याला गाडीत घेणारा मनुष्य त्याच्या प्राणाची जबाबदारी पत्करतो, ही गोष्ट आरंभीच मनावर ठसविली पाहिजे.

मोटारीच्या इतिहासातही ह्या जाणिवेचे एक लहानसे उदाहरण आहे. १९०३ साली होरेशिओ नेल्सन जॅक्सन ह्या अमेरिकन डॉक्टरने आपल्या सहकाऱ्यासह सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कपर्यंत मोटारीने प्रवास केला. अमेरिका खंड मोटारीने ओलांडण्याची ती पहिलीच यशस्वी खेप होती आणि तिला ६३ दिवस लागले. वाटेत त्यांनी ‘बड’ नावाचा एक कुत्रा बरोबर घेतला. मोटारीला वारा अडविणारी काच नव्हती. कच्च्या रस्त्यांवरील धुळीने बडचे डोळे चुरचुरू लागले, तेव्हा मालकाने त्याला स्वतःसारखाच धूळरोधक चष्मा घातला. तो चष्मा आज अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात जतन केलेला आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या प्रवाशाला जे उमगले, ते खिडकीतून कुत्र्याचे डोके बाहेर काढू देणाऱ्या आजच्या चालकालाही उमगावयास हवे.

उत्साहाचे मूळ

किल्ल्यांचा आवाज होताच काही कुत्री उड्या मारू लागतात, भुंकतात, दाराशी धाव घेतात. ह्यामागील कारण शास्त्राने शोधून काढले आहे. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांना पचनक्रियेवरील संशोधनासाठी १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अन्न देण्यापूर्वी दर वेळी एखादा ठरावीक संकेत दिला, तर पुढे पुढे केवळ त्या संकेतानेच कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते, असे त्यांना आढळले. किल्ल्यांचा आवाज हा तसाच संकेत होय. त्यामागोमाग बाहेरची हवा, नवे वास आणि धन्याचा सहवास मिळतो, हे कुत्रा अनुभवाने शिकलेला असतो.

वासाचे महत्त्व विशेष आहे. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख मानल्या जातात. कुत्र्यांच्या काही जातींत त्या २० कोटींहून अधिक असतात. आपण खिडकीतून रस्ता पाहतो, कुत्रा तोच रस्ता नाकाने वाचतो. त्याच्या उतावीळपणाला खोडकरपणा समजून मारणे अन्यायाचे आहे.

परंतु जे संकेताने शिकविले गेले ते संकेतानेच बदलता येते. किल्ल्या हाती घ्याव्यात आणि कुत्रा उड्या मारू लागल्यास त्या पुन्हा खुंटीला लावाव्यात. तो शांत बसला की मगच दार उघडावे. दार उघडल्यावरही ‘बस’ म्हटल्याशिवाय गाडीत चढू देऊ नये आणि ‘चल’ म्हटल्याशिवाय उतरू देऊ नये. हा पाठ रोज दहा मिनिटे याप्रमाणे काही आठवडे चालविल्यास बहुतेक कुत्री तो आत्मसात करतात. उतरण्याच्या शिस्तीचे मोल चढण्याच्या शिस्तीहून अधिक आहे, कारण दार उघडताच भर रस्त्यात उडी घेणारा कुत्रा स्वतःचा व मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचाही घात करतो.

वेगाचे गणित

पुष्कळांचा असा समज असतो की कुत्रा मांडीवर घेतला म्हणजे तो सुरक्षित आहे. हा समज अंकगणिताने तपासून पाहू. मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असेल, तर ती दर सेकंदाला जवळजवळ १४ मीटर अंतर तोडते. ती कशावर तरी आदळून एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर २० किलो वजनाचा कुत्रा सुमारे २८० किलो वजनाइतक्या जोराने पुढे फेकला जाईल. क्विंटलच्या पावणेतीन पोत्यांचा हा भार कोणत्याही माणसाच्या हातांनी आवरणार नाही. मागील आसनावर मोकळा बसलेला कुत्रा अशा वेळी पुढे बसलेल्या माणसावर आदळतो आणि दोघांच्याही प्राणावर बेतते.

दुसरे गणित लक्ष विचलित होण्याचे. ताशी ६० किलोमीटर वेगात चालकाने तीन सेकंद मान वळवून कुत्र्याकडे पाहिले, तर तेवढ्यात गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते. पुणे-बंगळूर महामार्गावर ट्रक, ट्रॅक्टर, उसाच्या गाड्या आणि रस्ता ओलांडणारी माणसे यांच्यामध्ये ५० मीटर न पाहता गाडी हाकणे म्हणजे डोळे मिटून चालण्यासारखेच आहे.

यावर उपाय सोपे आहेत. कुत्र्याची जागा मागे असावी, चालकाच्या मांडीवर अथवा पुढील आसनावर कधीही नसावी. पुढील आसनासमोरची हवेची पिशवी माणसाच्या बेताने केलेली असते. ती एकाएकी फुगल्यास कुत्र्याला जबर इजा होते. लहान कुत्र्यासाठी घट्ट बसविलेला हवेशीर पिंजरा उत्तम. त्यात त्याला उभे राहता, वळता व अंग टाकता आले पाहिजे. मोठ्या कुत्र्यास रुंद छातीपट्टा घालून तो आसनाच्या पट्ट्यास जोडावा. गळ्यातील पट्ट्यास बांधू नये, कारण हिसका बसल्यास मानेस इजा होते. उघड्या टेम्पोत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गळ्याला साखळी बांधून कुत्रा नेणे तर फारच घातक आहे. त्याने बाहेर उडी घेतली, तर ती साखळीच त्याचा फास ठरते आणि इंजिनाच्या आवाजात चालकास त्याचा पत्ताही लागत नाही.

बंद मोटार म्हणजे भट्टी

मोटारप्रवासात कुत्र्यांवर येणाऱ्या संकटांपैकी सर्वांत सहज टळण्याजोगे संकट उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीचे आहे. ‘पाच मिनिटांत भाजी घेऊन येतो’ असे म्हणून मनुष्य उतरतो आणि पाचाची पंचवीस मिनिटे होतात.

माणसाप्रमाणे कुत्र्याला सर्वांगास घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी मुख्यतः त्याच्या तळपायांत असतात. अंगातील उष्णता तो धापा टाकून, जिभेवरील व श्वासमार्गातील ओलाव्याच्या वाफेवाटे बाहेर टाकतो. भोवतालची हवाच तापलेली आणि दमट असेल, तर ही योजना निकामी होते. त्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ते ४१ अंशांच्या वर गेले की उष्माघाताचा धोका निर्माण होतो.

अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीतील तापमान मोजण्यात आले. तासाभरात ते सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढले आणि त्यातील चार-पंचमांश वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा थोड्या उघड्या ठेवूनही फारसा फरक पडला नाही. हुबळी-धारवाडकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ३७ अंशांच्या घरात जातो. अशा दुपारी मोटारीच्या आत काय होत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. झाडाची सावली हाही भरवसा नव्हे. सूर्य सरकतो तशी सावलीही सरकते.

अतिशय जोराची धाप, घट्ट व चिकट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या, उलटी ही उष्माघाताची लक्षणे होत. ती दिसताच कुत्र्याला सावलीत न्यावे, अंगावर साधे थंड पाणी ओतावे, वारा घालावा आणि शुद्धीवर असल्यास थोडे थोडे पाणी पाजावे. घशात बळेच पाणी ओतू नये. अंग निवविणे चालू ठेवूनच पशुवैद्याकडे न्यावे. तो सावरलेला दिसला तरी तपासणी टाळू नये, कारण आतील अवयवांना झालेली इजा काही तासांनंतर उघड होते.

पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांच्या बाबतीत दुप्पट सावध राहावे. २००३ नंतर एका दूरसंचार कंपनीच्या जाहिरातीमुळे पग आपल्याकडे घरोघर दिसू लागला. त्याची श्वासनलिका आखूड व अरुंद असल्याने धापा टाकून अंग थंड करण्याची शक्ती त्याला कमी असते. अशा कुत्र्याला उन्हाळ्यात दुपारच्या प्रवासास नेऊच नये.

घाट आणि मळमळ

यल्लापूर सोडून अरबैल घाट उतरताना किंवा अनमोड घाटातून गोव्याकडे जाताना माणसांप्रमाणेच कुत्र्यांनाही गाडी लागते. कानाच्या आत शरीराचा तोल सांभाळणारी रचना असते. तिच्याकडून ‘आपण हलत आहोत’ असा संदेश जातो आणि डोळ्यांना मात्र गाडीचा आतला भाग स्थिर दिसतो. ह्या विसंगतीतून मळमळ उद्भवते. पिल्लांमध्ये ही रचना पक्व झालेली नसल्याने त्यांना अधिक त्रास होतो. वयाबरोबर तो पुष्कळदा कमी होतो. वारंवार ओठ चाटणे, लाळ गाळणे, जांभया देणे, कण्हणे ही तिची पूर्वचिन्हे आहेत. पुष्कळ लोक जांभई म्हणजे झोप समजतात आणि आसन खराब झाल्यावर कुत्र्यावर रागावतात.

निघण्यापूर्वी तीन-चार तास पोटभर खाऊ घालू नये. पाणी मात्र तोडू नये. काच बोटभर उघडी ठेवावी, म्हणजे हवा खेळेल पण डोके बाहेर जाणार नाही. दर दोन तासांनी रस्त्यापासून दूर, सुरक्षित जागी गाडी थांबवून, साखळी हाती धरूनच त्याला उतरवावे. डांबरी रस्ता हाताच्या पालथ्या बाजूस पाच-सात सेकंद सोसवत नसेल, तर तो त्याच्या तळव्यांनाही सोसवणार नाही. उलटी थांबविण्याचे औषध पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावे. घरातील माणसांच्या गोळ्या, विशेषतः तापाच्या व वेदनाशामक, कुत्र्यांना विषासारख्या ठरू शकतात.

मुधोळच्या श्वानाविषयी

आपल्या भागातील श्वानपालकांनी एका जातीचा वेगळा विचार केला पाहिजे. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ हे पूर्वी घोरपडे घराण्याचे मराठा संस्थान होते. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनी शिकारी श्वानांच्या जातीचे संवर्धन केले आणि बादशहा पंचम जॉर्ज यांना ह्या श्वानांची जोडी भेट दिली. हाच आजचा मुधोळ हाउंड. भारतीय टपाल खात्याने ९ जानेवारी २००५ रोजी देशी श्वानांवर काढलेल्या चार तिकिटांत त्याचा समावेश केला. मुधोळजवळ तिम्मापूर येथे बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन व माहिती केंद्र आहे.

हा श्वान वासापेक्षा नजरेने शिकार करणारा आहे. दूरवर काही पळताना दिसले की त्याचे शरीर विचाराआधी धावते. मोटारीच्या खिडकीतून ससा, शेळी किंवा दुसरे कुत्रे दिसताच उघड्या काचेतून झेप घेण्याचा मोह त्याला अनावर होतो. म्हणून त्याच्या बाबतीत छातीपट्टा व अर्ध्याहून अधिक मिटलेली काच ह्यांत कधीही कसूर करू नये. त्याच्या सडपातळ अंगावर मांस व चरबी बेताचीच असल्याने खाली जाड गोधडी अंथरावी. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला सहसा खपत नाही. थांब्यावर जमणाऱ्या मुलांना तसे आधीच सांगावे.

लस, कागदपत्रे आणि कायदा

प्रवासात कुत्र्याचा परक्या माणसांशी व परक्या कुत्र्यांशी संबंध येतो. म्हणून रेबीज म्हणजे पिसाळ रोगाची लस टोचलेली असल्याशिवाय त्याला गावाबाहेर नेऊ नये. पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर पहिली लस आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे नियमित लस द्यावी. लसीकरणाचे पुस्तक गाडीत असावे. गळ्यातील पट्ट्यावर मालकाचा दूरध्वनी क्रमांक असावा, कारण अनोळखी मुलखात घाबरून पळालेल्या कुत्र्याला घरी आणणारा तेवढाच एक दुवा असतो. वाटेत कोणासही कुत्रा चावला अथवा त्याचे नख लागून ओरखडा उमटला, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि विलंब न लावता सरकारी रुग्णालयात जावे. हळद, चुना, मिरची यांचा लेप लावण्यात वेळ दवडू नये. हा रोग एकदा उद्भवला की त्यावर इलाज नाही. वेळेवर घेतलेली लस हाच एकमेव तरणोपाय आहे.

कायदाही ह्या बाबतीत मुका नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ नुसार, प्राण्यास अनावश्यक वेदना होतील अशा रीतीने वाहनातून नेणे हा गुन्हा आहे. प्राण्यांच्या वाहतुकीसंबंधीच्या १९७८ च्या नियमांत कुत्र्या-मांजरांसाठी स्वतंत्र प्रकरण असून, उन्हाळ्यात दर चार तासांनी व हिवाळ्यात दर सहा तासांनी पाणी देण्याची अपेक्षा त्यात आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम १२५ सांगते की, चालकाच्या नियंत्रणास अडथळा होईल अशा रीतीने कोणालाही बसवू नये अथवा काहीही ठेवू नये. मांडीवरील कुत्रा हा असाच अडथळा होय. १९७६ साली संविधानात समाविष्ट झालेल्या मूलभूत कर्तव्यांत सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगण्याचे कर्तव्य सांगितलेले आहे. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी दंडाच्या पावतीपूर्वी समजुतीचे दोन शब्द सांगितले, तर त्यांचा परिणाम अधिक काळ टिकेल.

शाळेसाठी एक पाठ

शिक्षकांना ह्या विषयावर सोपा प्रयोग करून दाखविता येईल. दोन तापमापक घ्यावेत. एक शाळेच्या ओट्यावर सावलीत टांगावा, दुसरा उन्हात उभ्या केलेल्या रिकाम्या मोटारीत काचेतून वाचता येईल असा, पण थेट ऊन लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावा. गाडीच्या काचा मिटाव्यात व शिक्षकांनी स्वतः जवळ उभे राहावे. गाडीत कोणीही मुलगा किंवा प्राणी असू नये. दर पाच मिनिटांनी अर्धा तास नोंद घ्यावी आणि मुलांकडून आलेख काढून घ्यावा. त्यानंतर पुढील प्रश्न विचारावेत :

१. पहिल्या दहा मिनिटांत तापमान किती वाढले? शेवटच्या दहा मिनिटांत किती?

२. कुत्रा आणि माणूस आपले अंग कसकसे थंड ठेवतात?

३. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात किती मीटर जाते?

४. बैलगाडीबरोबर चालणारा कुत्रा स्वतः कोणते निर्णय घेत असे? मोटारीत ते निर्णय कोण घेतो?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी घरी जाऊन वडीलधाऱ्यांना सांगावे. घरातील मोठी माणसे अधिकाऱ्याचे ऐकत नाहीत, पण लेकरांचे ऐकतात, हा सर्वांचा अनुभव आहे.

न्यावे की न न्यावे?

शेवटी एक विवेकाचा मुद्दा. प्रत्येक कुत्र्याला प्रत्येक प्रवासास नेलेच पाहिजे असे नाही. आजारी, म्हातारा, गाभण किंवा गाडीच्या आवाजाने थरथर कापणारा कुत्रा घरीच सुखी असतो. लग्नसमारंभास जायचे आणि कुत्रा दिवसभर गाडीत ठेवायचा, असा बेत असेल तर शेजाऱ्यांच्या किंवा विश्वासू नातलगांच्या स्वाधीन त्याला करणे हेच खरे प्रेम. रेल्वेने जावयाचे असल्यास आधी आरक्षण कार्यालयात चौकशी करावी. वातानुकूलित द्वितीय व तृतीय श्रेणीच्या अथवा साध्या शयनयानाच्या डब्यात कुत्र्याला नेता येत नाही. प्रथम वर्गाचा संपूर्ण कूपे राखून किंवा गार्डच्या डब्यातील पेटीतूनच त्याला नेता येते.

कुत्रा निरोगी असेल, शिकविलेला असेल, प्रवास सकाळच्या गारव्यात असेल आणि बरोबर पाण्याचे भांडे, छातीपट्टा, जुनी गोधडी व लसीचे पुस्तक असेल, तर त्याला अवश्य न्यावे. नव्या वाटेचे वास घेत, धन्याच्या आवाजाकडे कान देऊन बसलेला कुत्रा हा मोठा गोड सहप्रवासी असतो. आपल्याला तहान लागली हे त्याला सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक थांब्यावर चहाचा पेला हाती घेण्यापूर्वी त्याच्या पुढ्यात पाणी ठेवावे.